रॅपरसाठी उसासे, भट्टी मात्र रिकामी

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन-तीन महिन्यांतून एकदा तो फोटो येतोच. रावळगावच्या गोळ्या, पॉपिन्स, किस्मी, फँटमच्या गोड सिगारेटी. खाली 'गेले ते दिवस' आणि रडक्या चेहऱ्यांची रांग. मीही दोन-चार चेहरे टाकलेत. हल्ली टाकत नाही, कारण ज्यांच्यासाठी आपण रडतो त्यांचं बरं चाललंय. वालचंद हिराचंदांनी १९३३मध्ये मालेगावजवळ रावळगावला साखर कारखाना उभारला, १९४२पासून तिथे गोळ्या होऊ लागल्या. २०२४मध्ये तो ब्रँड रिलायन्सच्या कंपनीने २७ कोटींना घेतला. आपल्या आठवणींचाच तो भाव, दुसरं काय? विलेपार्ल्याचा पार्लेचा जुना कारखाना २०१६मध्ये बंद झाला. स्टेशन आल्याचं लोकलमध्ये वासावरून कळायचं, ते संपलं. पण पार्ले-जी कुठल्याही टपरीवर मिळतं. पुडा तेवढा बारीक होत गेला.

गेली ती भट्टी. तिचा फोटो ग्रुपवर कुणी टाकत नाही.

साताऱ्यात आमच्या घरी मे महिन्यात आणि दिवाळीआधी बिस्किटं भट्टीवरून भाजून यायची. मैदा, थोडा रवा, मूठभर बेसन, पिठीसाखर, डालडा, वेलची असं सगळं मोजून पिशवीत आणि वर रिकामा पत्र्याचा डबा. पाव निघाले की दुपारी भट्टी घरगुती कामाला मोकळी व्हायची. आम्ही भावंडं नंबर लावून पोत्यांवर बसायचो. भट्टीवाले चाचा परातीत तूप-साखर तळहाताने फेसत. पांढरंशुभ्र होईपर्यंत मैद्याला हात लावत नसत. मग एक चिमूट तोंडात टाकून आईला म्हणत, "वहिनी, तूप कमी पडतंय, खुसखुशीत नाही व्हायची." आईचा चेहरा पडायचा. तूप कमी आहे हे तिलाही ठाऊक असायचं, महिनाअखेर असायची. चाचा न बोलता आपल्या डब्यातला एक गोळा परातीत टाकत. त्याचे पैसे त्यांनी कधी लावले नाहीत, मजुरी तेवढी किलोवर घेत.

पत्र्यावर गोळे मांडणं आमचं काम. दोन गोळ्यांत दोन बोटं अंतर, नाहीतर फुलून एकमेकांना चिकटत. लांब दांड्याच्या फळीवरून पत्रा आत जायचा. बाहेर आलेली नानकटाई हातात धरली तर मोडायची, इतकी मऊ. गार व्हायच्या आत डबा भरायचा नाही, भरला तर सगळी सादळतात. तळाला वर्तमानपत्र, वर झाकण, आणि डबा आईच्या ताब्यात.

आता खरं सांगते. मला तेव्हा त्या नानकटाईची लाज वाटायची. चौथीत सज्जनगडाच्या सहलीला एका मैत्रिणीने क्रीमच्या बिस्किटांचा पुडा आणला होता. मी तीन नानकटाया देऊन एक क्रीमचं बिस्किट घेतलं आणि भाव पटला म्हणून खूश झाले. आतलं क्रीम चाटून संपवलं, बिस्किट कोरडंठाक निघालं. नानकटाईची पुडी पिशवीत तशीच ठेवली, येताना तिचा भुगा झाला.

मागच्या दिवाळीत सुनेने मोबाइलवरून 'पारंपरिक नानकटाई' मागवली. काचेची बरणी, गळ्याला सुतळी, बारा नग, साडेतीनशे रुपये. चव वाईट नव्हती. पण बरणीवर 'आजीच्या हातची' असं लिहिलं होतं, आणि घरात आजी मीच होते!

लहानपणच्या चवीसाठी एवढा जीव तुटतो, तर ती चव करणाऱ्याच्या दारात आपण का जात नाही? वेळ नाही म्हणावं, तर आमच्या ग्रुपातले निम्मे लोक निवृत्त आहेत. मुंबईत उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, तेव्हा मात्र 'आता तो स्वाद नाही' म्हणून गळे काढायला सगळे पुढे. धुराचा त्रास खरा आहे, निर्णय मला पटतो. साताऱ्याची भट्टीही आता डिझेलवर चालते आणि नानकटाई तशीच होते. गिऱ्हाईक गेलं की मात्र कुठल्याच इंधनावर भट्टी चालत नाही.

मी गेल्या महिन्यात तिथे गेले होते. चाचा नाहीत, मुलगा बसतो. घरचं सामान घेऊन पूर्वी दिवाळीआधी रोज वीस-पंचवीस जण येत, यंदा आठवड्याला चार-पाच येतात, म्हणाला. नंबर लावायला नको, दुपारी तीननंतर कधीही जा. सामान मोजून न्या, तूप जरा जास्तच घ्या. डबा मात्र कोरडा पुसून न्या.