औषधाच्या काउंटरवरून : सपोझिटरी, संकोच आणि स्टिरॉईड



मागच्या वेळी थायरॉईडच्या गोळीबद्दल लिहिलं, तेव्हा बरेच फोन आले. त्यात मैत्रिणीच्या सुनेचाही होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, "काकू, कधी त्या खालून घ्यायच्या गोळ्यांबद्दल पण लिहा ना. विचारायला लाज वाटते."

आपल्याकडे म्हणतातच, अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य. दुखणं ज्याला दाखवायचं त्यालाच दाखवायची लाज. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. इंदूरला आमचं औषधाचं दुकान आहे आणि तीस वर्षं मी काउंटरमागे उभी आहे. लोक मोठ्या आवाजात काय मागतात आणि कुजबुजत काय मागतात, हे मला चांगलं माहीत आहे. सपोझिटरी कायम कुजबुजत मागतात. म्हणून आज त्याबद्दल, आणि त्यातही स्टिरॉईड असलेल्या सपोझिटरीबद्दल लिहिते. या गोष्टीत थोडी चूक माझीही आहे.

आमच्या मंडळाच्या गणपतीत धावपळ करणारा एक मुलगा, वय सव्वीस. त्याच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. एक दिवस रात्री दहाला, शटर अर्धं खाली आलेलं असताना तो आला. मोबाईलवरचा चिठ्ठीचा फोटो दाखवून म्हणाला, "काकू, ही एक पट्टी द्या ना." हायड्रोकॉर्टिसोनच्या सपोझिटरी होत्या. मी दिल्या. चिठ्ठीवरची तारीख पाहिली नाही. दुसरं गिऱ्हाईक उभं होतं, मुलगा घरचा, आणि विषय असा की मलाही त्याला अवघडवायचं नव्हतं.

दीड महिन्याने तो परत आला, तेव्हा मात्र मी तारीख पाहिली. चिठ्ठी पाच महिन्यांपूर्वीची होती आणि त्यावर स्पष्ट लिहिलं होतं : दोन आठवडे. मधल्या काळात त्याने चार वेगवेगळ्या दुकानांतून तेच औषध घेतलं होतं. घरी सांगितलं होतं की मूळव्याध आहे. आईने बिचारीने पोह्यांवरची सेव बंद केली, भाजीतली मिरची काढली, रोज रात्री इसबगोल द्यायला लागली. आणि हा रोज गुपचूप सपोझिटरी वापरत होता. वापरली की रक्त थांबायचं, सोडली की आठवड्याभरात परत सुरू.

त्याला आत बोलावून स्टुलावर बसवलं आणि दुकानाचं शटर लावलं. तेव्हा कुठे तो बोलला. दिवसातून पाच-सहा वेळा शौचाला लागल्यासारखं वाटतं, जाऊन बसलं की नुसती आव आणि थोडं रक्त पडतं. ऑफिसच्या मीटिंगला जायच्या आधी टॉयलेट कुठे आहे ते बघून ठेवावं लागतं. चेहऱ्यावर मुरमं आली होती, झोप नीट लागत नव्हती. हे सगळं त्या औषधानेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण शंका घ्यावी असं नक्कीच होतं.

हे दुखणं नेमकं काय असतं?

मोठ्या आतड्याचा शेवटचा बारा ते पंधरा सेंटिमीटरचा भाग म्हणजे गुदाशय. त्याच्या आतल्या अस्तराला सूज आली की त्याला प्रॉक्टायटिस म्हणतात. रक्त, आव, सारखी कळ, पोट साफ न झाल्याची भावना ही त्याची लक्षणं. काहींना तर चक्क बद्धकोष्ठ होतं. मूळव्याधीतही रक्त पडतं, त्यामुळे घरोघरी दोन्हींची गल्लत होते.

सूज एकच असली तरी तिची कारणं अनेक. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा आजार फक्त गुदाशयापुरता असू शकतो, आणि तो बहुतेक वेळा तरुण वयातच सुरू होतो. दुसरं कारण संसर्ग. त्यात आपल्याकडचा अमिबा आला आणि गोनोरिया, क्लॅमिडियासारखे लैंगिक संबंधांतून होणारे संसर्गही आले. ते डॉक्टरांना सांगायची लाज बाळगू नका, डॉक्टर परीक्षा घ्यायला बसलेले नसतात. तिसरं कारण रेडिएशन. गर्भाशयमुखाच्या किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी घेतलेल्या रेडिएशननंतर, कधी कधी काही वर्षांनीसुद्धा, आजी-आजोबांना हा त्रास होतो.

स्टिरॉईड सूज कमी करतं, म्हणजे शरीराची जंतूंशी लढायची ताकदही तेवढ्यापुरती दाबतं. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये हेच हवं असतं. पण आत अमिबा किंवा दुसरा संसर्ग असेल, तर आपण लढणाऱ्या सैनिकांनाच झोपवतो. अमिबाचा आजार कोलायटिस समजून स्टिरॉईड दिल्यावर रुग्ण गंभीर झाल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्राला चांगली माहीत आहेत. म्हणून आधी शौचाची तपासणी, गरजेप्रमाणे दुर्बिणीतून तपासणी आणि बायोप्सी, आणि मग औषध. पूर्वी क्षयरोग झाला असेल, मधुमेह, काचबिंदू किंवा रक्तदाब असेल, दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर ते विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगायचं.

औषध वाईट नाही

स्टिरॉईड हा शब्द ऐकला की घाबरणारेही खूप आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. कॉर्टिसोनच्या कुळातल्या संप्रेरकांवरच्या संशोधनाला 1950 साली नोबेल मिळालं. 1955 मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स यांनी कॉर्टिसोनचा अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये उपयोग होतो हे नीट चाचणी करून दाखवलं. त्याआधी या आजाराच्या तीव्र झटक्यात कितीतरी माणसं दगावत. तेव्हा या औषधाचे उपकार मोठे आहेत.

सपोझिटरीचा फायदा असा की औषध जिथे सूज आहे तिथेच जातं, त्यामुळे तोंडाने घ्यायच्या स्टिरॉईडपेक्षा बाकीच्या शरीराला त्रास कमी होतो. कमी होतो, पण शून्य होत नाही. हायड्रोकॉर्टिसोनच्या सपोझिटरीतलं साधारण 26 टक्के औषध निरोगी माणसाच्या रक्तात शोषलं जातं. सुजलेल्या, सोललेल्या अस्तरातून हे प्रमाण बदलू शकतं. म्हणूनच 25 मिलिग्रॅमची एक सकाळी, एक रात्री, असा साधारण दोन आठवड्यांचा कोर्स लिहून देतात. जास्त दिवसांची गरज असेल तर ते डॉक्टर ठरवतात.

आणखी एक गोष्ट त्या मुलाला माहीत नव्हती. स्टिरॉईड पेटलेला आजार विझवायला असतं, तो पुन्हा पेटू नये म्हणून रोज वापरायला नसतं. गुदाशयापुरत्या अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये पहिलं औषध बहुतेक वेळा मेसालामाइनची सपोझिटरी असतं. ते स्टिरॉईड नाही आणि ते दीर्घकाळ चालू ठेवता येतं. त्याने भागलं नाही किंवा ते सोसलं नाही, तर स्टिरॉईडची पाळी येते.

वापरायची कशी?

हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारत नाही, म्हणून सविस्तर सांगते.

आधी शौचाला जाऊन या. हात साबणाने धुवा. आपल्या इंदूरच्या मे महिन्यात सपोझिटरी मऊ पडते, कारण ती शरीराच्या उष्णतेने वितळण्यासाठीच बनवलेली असते. मऊ लागली तर वेष्टन न काढता थोडा वेळ फ्रिजमध्ये किंवा गार पाण्यात धरा. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका. घट्ट झाली की वेष्टन पूर्ण काढा. हसू नका, वेष्टनासकट वापरणारेही मी पाहिले आहेत. आणि ही तोंडाने गिळायची गोळी नव्हे, हेही एकदा सांगून ठेवते.

डाव्या कुशीवर झोपा. खालचा पाय सरळ, वरचा गुडघा पोटाशी. सपोझिटरीचं टोक साध्या पाण्याने ओलं करा. व्हॅसलिन लावू नका, त्याने ती नीट विरघळत नाही. लांब श्वास सोडत, अंग सैल ठेवून, बोटाने हलकेच साधारण एक इंच आत सरकवा. दारापाशीच राहिली तर ती बाहेर येते. मग काही मिनिटं तसंच पडून राहा आणि हात धुवा. पुढचा निदान एक तास शौचाला जायचं टाळा, जमलं तर जास्त वेळ. म्हणून रात्रीची वेळ सोयीची. कपड्यांना डाग पडू शकतो, तेव्हा जुनी चादर किंवा पॅड वापरा.

एखादी वेळ चुकली तर आठवल्यावर घ्या, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम नकोत. थोडी जळजळ किंवा खाज होऊ शकते. ती वाढत गेली तर थांबून विचारा. बुरशीवरची इट्राकोनॅझोल, किटोकोनॅझोल आणि एचआयव्हीवरचं रिटोनाविर अशी काही औषधं शरीरातलं स्टिरॉईड वाढवू शकतात, तेव्हा चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर जरा जास्त वेळा तपासा.

थांबवायची कशी?

आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या शरीराचं स्वतःचं स्टिरॉईड बनवतात. बाहेरून बरेच दिवस मिळत राहिलं की त्या आळशी होतात. दोन आठवड्यांच्या कोर्सचं फारसं काही नसतं. पण महिनोन्‌महिने वापरून एकदम सोडलं तर थकवा, चक्कर, मळमळ, रक्तदाब उतरणं असं होऊ शकतं. म्हणून त्या रात्री मी त्याला "उद्यापासून बंद" असं म्हटलं नाही. "उद्या डॉक्टरकडे, आणि किती महिने घेतलंस ते खरं सांग" एवढंच म्हटलं. लपवलेल्या पाच महिन्यांचा हिशोब चिठ्ठीवर आला तरच डॉक्टर नीट ठरवू शकतात.

तसंच, औषध चालू असताना ताप, पोटात जोराची कळ, पोट फुगणं, रक्ताच्या गुठळ्या, चक्कर किंवा दिवसात सहा-सहा वेळा रक्ताचे जुलाब सुरू झाले, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. सरळ दवाखाना गाठा. दोन आठवड्यांनी फरक नसेल तर दुसरी पट्टी विकत घेणं हा त्यावरचा उपाय नव्हे. आणि घरातल्या पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला रक्त पडत असेल, तर "मूळव्याधच असणार" म्हणून गप्प बसू नका. कॅन्सर नाही ना, हे एकदा बघून घ्यावं लागतं.

पुढे काय झालं?

दुसऱ्या दिवशी तो गेला. एकटा नाही, आईला घेऊन. मीच म्हटलं होतं की मिरची बंद करणारीला खरं कळायला हवं. हिमोग्लोबिन दहाच्या खाली गेलं होतं. दुर्बिणीतून तपासलं, बायोप्सी झाली, शौचात संसर्ग नव्हता. निदान अल्सरेटिव्ह प्रॉक्टायटिस. मेसालामाइन सुरू झालं, स्टिरॉईड डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करत बंद झालं. आता बरा आहे. आजार गेला असं नाही, तो अधूनमधून डोकं वर काढणारा आहे. पण आता औषध नियमित आहे, तपासणीच्या तारखा कॅलेंडरवर आहेत, आणि पोह्यांवर सेव परत आली आहे.

त्याची आई मात्र दुकानात येऊन रडली. म्हणाली, "पाच महिने माझ्या घरात मुलगा रक्त जात असताना गप्प बसला, मला कसं कळलं नाही?" मला काय उत्तर देणार? मीही तर तारीख न बघता पट्टी दिली होती. त्याने लाजून सांगितलं नाही आणि मी त्याला लाज वाटेल म्हणून विचारलं नाही.

तेव्हापासून आम्ही दुकानात एक नियम केला आहे. स्टिरॉईडचं काहीही असलं, मलम, थेंब, सपोझिटरी, तर चिठ्ठीची तारीख बघायची आणि "किती दिवस झाले?" एवढं विचारायचं. गिऱ्हाईक नाराज झालं तर होऊ दे. काउंटरच्या एका टोकाला खुर्चीही ठेवली आहे, हळू आवाजात बोलायचं असेल त्यांच्यासाठी.

तुम्ही तरुण मंडळी सगळं मोबाईलवर मागवता, तिथे अशी खुर्ची नसते. तेव्हा तो प्रश्न तुम्हीच स्वतःला विचारा. पाकिटावर लाल उभी रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. चिठ्ठी असेल तर ती कधीची आहे आणि किती दिवसांची आहे, हे बघा. आणि घरी कोणा एकाला तरी सांगा. आईला जमत नसेल तर मावशीला, मित्राला, नाहीतर आमच्यासारख्या दुकानातल्या काकूला.

पुढच्या वेळी दम्याच्या पंपाबद्दल. प्रश्न पाठवत राहा, नाव नाही लिहिलंत तरी चालेल.