निरागसतेची अट



एका ओळखीच्या शब्दापासून सुरुवात करू. ‘निरागस’ हे विशेषण आपण लहान मुलाच्या हसण्याला लावतो. त्याची फोड केली तर ‘निर्’ आणि ‘आगस्’ अशी होते आणि संस्कृतात ‘आगस्’ म्हणजे अपराध. ज्याच्या हातून अपराध घडलेला नाही तो निरागस, असा हा मुळात न्यायनिवाड्याला जवळचा शब्द. पुढे त्याचा अर्थ ‘जगाची जाण नसलेला’ या दिशेने सरकला. इंग्रजीतील ‘इनोसन्स’ या शब्दाचा प्रवासही असाच आहे. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ ‘इजा न करणे’. इंग्रजीत मात्र तो एकच शब्द तीन कामे करू लागला. न्यायालयातील निर्दोषत्व, व्यवहारातील भोळेपणा आणि लैंगिक अनुभवाचा अभाव हे तिन्ही अर्थ त्यात सामावले.

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये स्त्रीच्या बाबतीत या तीन अर्थांची सरमिसळ झाली. जी अजाण तीच निर्दोष आणि जिला जाण आली ती दोषी, असे समीकरण तयार झाले. माझे मत असे, की ही केवळ भाषेची गफलत नव्हती. तिचा लाभ ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांनाच झाला. तत्कालीन कायदे आणि साहित्य यांच्या आधारे आपण हे मत तपासून पाहू.

प्रथम कायदा. एखाद्या तरुणीला फसवून तिच्याशी संबंध ठेवला गेला, तर इंग्रजी कायद्यानुसार भरपाईचा दावा सामान्यतः तिचा पिता करी आणि त्या दाव्याचा आधार असे मुलीच्या घरकामाची, म्हणजे सेवेची, झालेली हानी. नुकसान मुलीचे झाले आणि फिर्यादी बाप झाला! तिचे कौमार्य ही जणू घराण्याची मिळकत होती.

पुढे १८६४, १८६६ आणि १८६९ मध्ये सांसर्गिक रोगांविषयीचे कायदे संमत झाले. लष्करी छावण्या व बंदरे असलेल्या ठरावीक शहरांत पोलिसांना संशय आला, की स्त्रीला सक्तीच्या वैद्यकीय तपासणीला सामोरे जावे लागे. रोग आढळल्यास तिला रुग्णालयात डांबले जाई. तिच्याकडे जाणाऱ्या सैनिकाची तपासणी मात्र या कायद्यांत नव्हती. १८७१ मधील शाही आयोगाने या भेदाचे समर्थनही केले. स्त्री हे पैशासाठी करते, पुरुष मात्र नैसर्गिक प्रेरणेच्या आहारी जातो, असा त्याचा युक्तिवाद होता. एकाच कृत्यासाठी व्याकरणाने जणू दोन कर्ते कल्पिले, एक गुन्हेगार आणि दुसरा निसर्गाधीन. याच धर्तीचा कायदा १८६८ मध्ये हिंदुस्थानातही झाला. इंग्लंडमध्ये जोसेफीन बटलर यांनी त्याविरुद्ध दीर्घ लढा दिला आणि १८८६ मध्ये ते कायदे रद्द झाले. वेश्या म्हणून हिणवल्या गेलेल्या स्त्रीलाही नागरिकाचे हक्क आहेत, हा बटलर यांचा आग्रह होता. त्या हक्कांसाठी त्यांनी निष्पापपणाची अट घातली नाही, हे ध्यानात ठेवा.

१८८५ मध्ये वेगळी भाषा ऐकू आली. पत्रकार डब्ल्यू. टी. स्टेड यांनी ‘पॉल मॉल गॅझेट’मध्ये लंडनमधील बालिकांच्या व्यापारावर लेखमाला लिहिली. असा व्यवहार किती सहज होतो हे दाखवण्यासाठी त्यांनी तेरा वर्षांची एक मुलगी ‘विकत’ घेण्याचा प्रयोगही केला. जनमत खवळले आणि त्याच वर्षी मुलींचे संमतीवय तेरावरून सोळा करण्यात आले. ही सुधारणा मोलाची होती. मात्र पुढे स्टेड यांच्यावरच खटला झाला, त्यात मुलीच्या पित्याची परवानगी न घेणे हा मुद्दा निर्णायक ठरला आणि त्यांना तीन महिन्यांची कैद झाली. निरागसतेच्या नावाने पेटलेल्या या प्रकरणातही न्यायालयाला अखेर पित्याचा अधिकार मोजावा लागला. शिवाय त्याच कायद्याने कुंटणखान्यांवरील कारवाईला बळ दिले. प्रौढ स्त्रियांच्या डोक्यावरचे छप्पर त्यात गेले. पुरुषांमधील खासगी समलिंगी संबंधही त्याच कायद्यातील एका कलमाने दंडनीय झाले आणि १८९५ मध्ये ऑस्कर वाइल्ड यांना त्याखाली शिक्षा झाली. अजाणांच्या रक्षणासाठी उगारलेला हात जाणत्यांवर पडला.

आता साहित्य. १८९१ मध्ये टॉमस हार्डी यांची ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ ही कादंबरी पुस्तकरूपाने आली. उपशीर्षकात हार्डींनी टेसला ‘शुद्ध स्त्री’ म्हटले आणि वादळ उठले. श्रीमंत ॲलेककडून रात्रीच्या रानात, ती झोपेत असताना जे घडते, ते निवेदक उघडपणे सांगत नाही. साप्ताहिकातील क्रमशः प्रकाशनात तर हा भागच वगळावा लागला होता. पुढे लग्नाच्या रात्री एंजल आपल्या पूर्वायुष्यातील स्खलनाची कबुली देतो आणि टेस त्याला क्षमा करते. ती आपली हकिकत सांगते, तेव्हा मात्र तो तिला सोडून जातो.

या कादंबरीतील मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग छोटा आहे. घरी परतलेली टेस आईला जाब विचारते, की पुरुषांपासून असलेल्या धोक्याची कल्पना तू मला का दिली नाहीस? प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांना कादंबऱ्या वाचून हे डाव कळतात, आपल्याला ती संधीच मिळाली नाही, असे ती म्हणते. येथे निरागसतेचा मुखवटा गळून पडतो. जिला आपण ‘अजाण’ म्हणून गौरवतो, तिला ज्ञानापासून वंचित ठेवलेले असते आणि त्या अज्ञानाची किंमत तीच मोजते.

हार्डींविषयी आदर राखूनही माझी एक तक्रार आहे. टेसच्या बचावासाठी त्यांनाही ‘शुद्ध’ याच शब्दाचा आधार घ्यावा लागला. कादंबरी मात्र उपशीर्षकाच्या पुढे जाते. शेवटी टेस ॲलेकचा खून करते. कायद्याच्या अर्थाने ती आता निर्दोष उरत नाही, तरीही तिच्यावर अन्याय झाला ही वाचकाची जाणीव तसूभरही कमी होत नाही.

याच काळात मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. बालपणी लावून दिलेल्या विवाहाला आपली संमती नव्हती, म्हणून पतीकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला. १८८७ मध्ये न्यायालयाने नांदायला जा, अन्यथा सहा महिने तुरुंगात जा, असा आदेश दिला. वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा हा उपाय इंग्रजी कायद्यातून आलेला होता आणि खुद्द इंग्लंडमध्ये त्यासाठी तुरुंगात टाकण्याची तरतूद १८८४ मध्येच रद्द झाली होती. रखमाबाईंनी ‘मी अजाण आहे, मला वाचवा’ असे म्हटले नाही. तेव्हा समज नव्हती, आता आहे आणि म्हणून मी नकार देते, असा त्यांचा पवित्रा होता. समाजाला खुपली ती ही जाण.

यावर आक्षेप येईल, की निरागसतेच्या आवाहनाशिवाय १८८५ ची सुधारणा झालीच नसती. आक्षेपात तथ्य आहे. बालकांना विशेष संरक्षण हवेच, पण त्याचा आधार वय हा आहे, चारित्र्य नव्हे. प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत प्रश्न एवढाच, की संमती होती की नव्हती? ती व्यक्ती कशी राहत होती, तिला काय ठाऊक होते, हे प्रश्न न्यायाचे नसून सत्तेचे आहेत.

भाषेचे विद्यार्थी म्हणून आपल्यावर येथे एक जबाबदारी येते. उद्याचे वर्तमानपत्र उघडा आणि अत्याचाराची बातमी वाचा. ‘निष्पाप’ हे विशेषण कोणाला लावले आहे आणि कोणाला लावलेले नाही, याची नोंद करा. क्रियापदही पाहा. ‘अत्याचार झाला’ या वाक्यात अत्याचार करणारा दिसत नाही, ‘त्याने अत्याचार केला’ या वाक्यात तो दिसतो. ज्या स्त्रीला ‘निष्पाप’ म्हटलेले नाही, तिच्याविषयी आपल्या मनात तेवढीच कणव जागी झाली का, हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. त्याचे उत्तर कोणत्याही स्वाध्यायपुस्तिकेत सापडणार नाही.