जुना लेथ घेताना रंग नव्हे, बेड पाहा

आपल्या समाजातील कितीतरी तरुण टर्नर, फिटर म्हणून दुसऱ्याच्या कारखान्यात राबतात. दहा-बारा वर्षे अशी गेल्यावर स्वतःचे छोटेसे वर्कशॉप असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. भिवंडी-मालेगावात यंत्रमागांच्या दुरुस्तीची कामे असतात, भोसरीत आणि वाळूजला जॉबवर्क मिळते. नवा लेथ परवडत नाही, म्हणून जुना शोधला जातो. मोठे कारखाने सी.एन.सी.कडे वळल्यापासून असे लेथ बाजारात येत राहिले आहेत. एच.एम.टी. किंवा किर्लोस्करचे नीट सांभाळलेले जुने मशीन आजही चांगले काम देते. पण या एका सौद्यात कुणाची आखातातून साठवून आणलेली कमाई, तर कुणाच्या पत्नीचे दागिने गुंतलेले असतात. सौदा फसला तर धंदा सुरू होण्याआधीच बुडतो. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, लेथ चालवून व त्यावर जॉब कापून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. आणि विकणाऱ्यानेही ठाऊक असलेला दोष सांगितल्याशिवाय तो घेऊ नये.

ताज्या रंगाला भुलू नका. लेथचा जीव बेडमध्ये असतो. रोजचे काम चकाजवळ चालते, त्यामुळे बेड तिथेच जास्त झिजतो. सॅडल चकाजवळ आणून त्याची पट्टी अशी आवळा की ते हाताने जेमतेम सरकेल. मग टेलस्टॉककडे न्या. तिकडे ते अडकू लागले, तर चकाजवळचा बेड झिजला आहे असे समजा. गॅप बेड असेल तर गॅपचा तुकडा जागेवर आहे का, हेही पाहा. पायाशी, टूल पोस्टखाली किंवा टेलस्टॉकला वेल्डिंग करून वर रंग फासलेला नाही ना, हे हात फिरवून तपासा.

मग चक उतरवून स्पिंडलला डायल लावा. चक ठेवून मोजले तर चकाचा दोष स्पिंडलच्या माथी बसतो. स्पिंडल हाताने फिरवा, लाकडी दांड्याने हलकेच वर उचलून पाहा. काटा एक-दोन शतांश मि.मी.हून जास्त हलला, तर बेअरिंग आवळून भागेल की बदलावे लागेल, हे जाणकाराला विचारा. हेडस्टॉकचे झाकण उघडून दाते पाहा. तेलात लोखंडाचा चुरा दिसला तर सावध व्हा. सर्व स्पीडवर, सुलट आणि उलट, पंधरा-वीस मिनिटे मशीन चालवा. ठराविक अंतराने ठक-ठक येत असेल, तर एखादा दात तुटलेला असू शकतो.

शेवटी जॉब कापा. साधारण ३० ते ४० मि.मी. जाडीचा बार चकाबाहेर १०० ते १५० मि.मी. ठेवून, टेलस्टॉक न लावता, हलका कट घ्या आणि दोन्ही टोके मायक्रोमीटरने मोजा. फरक आला म्हणून लगेच मशीन नाकारू नका. गोदामात लेव्हल न करता उभे केलेल्या मशीनचा बेड पिळला जाऊनही टेपर येतो. लेव्हल करून पुन्हा कट घ्या. आटे पाडून लीड स्क्रू आणि हाफ नट पारखा. लीड स्क्रू इंची असेल आणि मि.मी.चे आटे पाडायचे असतील, तर १२७ दात्यांचा गिअर सोबत आहे का, हे विचारा.

सगळे दोष सारखे नसतात. क्रॉस स्लाइडचा नट, बेल्ट, चकाचे जॉ थोड्या खर्चात बदलता येतात. बेड झिजला किंवा हेडस्टॉक गेला, तर दुरुस्तीचा खर्च मशीनच्या किमतीला भिडतो.

कायदाही खरेदीदाराला डोळे उघडे ठेवायला सांगतो. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १६ नुसार, खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवा होता अशा दोषाबद्दल त्याला दर्जाच्या गृहीत अटीचा आधार घेता येत नाही. वरवर नजर फिरवून मान डोलावणे म्हणूनच महागात पडते.

परंतु मुसलमान व्यापाऱ्याची जबाबदारी कायद्यापाशी संपत नाही. बाजारातील धान्याच्या राशीत हात घालताच आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विक्रेत्याला विचारले होते. दुभते जनावर जास्त दूध देते असे भासावे म्हणून त्याचे दूध तुंबवून ठेवण्यासही त्यांनी मनाई केली. हेडस्टॉकमध्ये जाड तेल भरून दात्यांचा आवाज दाबणे आणि तडा रंगाखाली झाकणे याच जातीचे आहे. लपवलेला दोष नंतर उघड झाला, तर माल परत करण्याचा हक्क शरिअतने खरेदीदाराला दिला आहे.

काही व्यापारी म्हणतात, आम्ही लिलावात 'जसे आहे तसे' घेतले, आम्हाला काय ठाऊक? जे ठाऊक नाही, त्याचा दोष आम्ही देत नाही. पण जे ठाऊक आहे, ते 'जसे आहे तसे' या तीन शब्दांआड लपवणे प्रामाणिकपणाचे नाही. आणि ठाऊक नसेल, तर गिऱ्हाइकाला वीज जोडून मशीन चालवू देण्यास हरकत कसली?

आमची सूचना साधी आहे. जुन्या मशीनच्या बिलावर माहीत असलेले दोष लिहून द्यावेत, आणि लेथ चालवून व कापून दाखवला, असा शेरा त्यावर असावा. घेणाऱ्याने सोबत मुरलेला टर्नर न्यावा आणि त्याला त्या दिवसाची मजुरी द्यावी. तपासणी म्हणजे अविश्वास नव्हे. दोष सांगून विकणाऱ्याला चार पैसे कमी मिळतील, पण तेच गिऱ्हाईक दुसऱ्या मशीनसाठी पुन्हा त्याच्याच दारी येईल, आणि त्या कमाईत बरकत असेल, इन्शाअल्लाह.