बाटलीवर भाळलेला भुंगेरा

पावसाळ्यात बाभळीच्या फांदीवर हिरवागार, चकचकीत किडा दिसला की मुले काडेपेटी घेऊन धावतात. कुणी त्याला सोनकिडा म्हणते, कुणी सोनपाखरू. याच्याच कुळातल्या भुंगेऱ्यांच्या पाठीवरची चमकदार कवचे मोगल काळात उंची कपड्यांवर, जरीच्या कामाबरोबर टाकली जात. रंग उडत नाही आणि वर्षानुवर्षे चकाकी टिकते, म्हणून त्यांना मोल होते. जगभरात या कुळाच्या सुमारे १५,००० जाती आहेत. आज त्यातल्याच एका ऑस्ट्रेलियन भावाची गोष्ट सांगायची आहे. तो दिसायला एवढा देखणा नाही, पण त्याची फसगत जगभर गाजली.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, झुडपांच्या प्रदेशात हा भुंगेरा राहतो. अंगठ्याएवढा लांब, रंगाने तपकिरी. त्याच्या पाठीवर बारीक खळगे असतात, त्यामुळे ऊन पडले की पाठ चमकते. त्याच्या अळ्या निलगिरीच्या जातीतल्या खुज्या झाडांची मुळे पोखरत जमिनीखाली वाढतात. पूर्ण वाढलेला भुंगेरा बाहेर पडतो तो वसंतात, म्हणजे तिकडच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. मादी नरापेक्षा मोठी असते आणि ती उडत नाही, जमिनीवरच असते. नर झुडपांवरून उडत तिला शोधत फिरतो.

शोधतो तो नजरेने. मोठे, तपकिरी, चमकणारे आणि खळग्याखळग्यांचे काही खाली दिसले, की ती मादीच, एवढा साधा हिशेब त्याच्या जन्माबरोबर आलेला असतो. त्या रानात अशी दुसरी वस्तूच नव्हती, म्हणून हिशेब कधी चुकला नाही.

मग माणसाने रस्ता केला, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांनी बिअर पिऊन रिकाम्या बाटल्या बाहेर भिरकावल्या.

डॅरिल ग्विन आणि डेव्हिड रेंट्झ हे दोन कीटकशास्त्रज्ञ डोंगारा गावाच्या परिसरात काम करत होते. रस्त्याच्या कडेला पडलेल्या बुटक्या, तपकिरी बाटलीला एक नर घट्ट चिकटलेला त्यांना दिसला. तो बाटलीशी मीलनाचा प्रयत्न करत होता. थोड्या अंतरावर दुसरा. मग त्यांनी मुद्दाम चार बाटल्या मोकळ्या जागेत ठेवून पाहिल्या. अर्ध्या तासातच त्यातल्या दोन बाटल्यांवर नर येऊन बसले. एकदा बसलेला नर हाताने ओढून काढल्याशिवाय सुटत नव्हता.

आत उरलेल्या बिअरचा वास त्यांना ओढत असेल का? नाही. कित्येक बाटल्या महिनोन्‌महिने पडून कोरड्या झालेल्या होत्या, आत वाळू साचली होती. म्हणजे या बिचाऱ्याने दारूचा थेंबही चाखला नव्हता. त्याला भुलवले ते काचेने. बाटलीच्या बुडाशी काचेचे बारीक उंचवटे होते आणि ऊन पडले की ते मादीच्या पाठीसारखे चमकत. जवळच पडलेल्या वाइनच्या एका बाटलीकडे मात्र कुणी फिरकले नाही. तिचा तपकिरी रंग वेगळा होता आणि तिला ते उंचवटेही नव्हते.

एका बाटलीवरच्या नराला मुंग्यांनी घेरले होते. त्या शरीराच्या मऊ भागाला चावे घेत होत्या, तरी तो जागचा हलला नाही. त्याच बाटलीपासून चार बोटांवर दुसरा एक नर मरून पडला होता, मुंग्यांनी झाकलेला.

या दोघांनी आपले निरीक्षण १९८३ साली प्रसिद्ध केले. २०११ मध्ये त्यांना त्यासाठी इग नोबेल हा पुरस्कार मिळाला. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला तो देतात.

विचार करायचा तो असा, की नराने खऱ्या मादीपेक्षा बाटलीच का धरून ठेवली? कारण त्याच्या हिशेबात ‘जितकी मोठी, जितकी चमकदार, तितकी चांगली’ एवढेच लिहिलेले आहे. ‘आता पुरे’ असे कुठेच लिहिलेले नाही. तशी गरजच कधी पडली नव्हती. पक्ष्यांचेही असेच होते. निको टिनबर्गेन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की स्वतःच्या अंड्याशेजारी त्याहून मोठे नकली अंडे ठेवले, तर काही पक्षी खरे सोडून नकली उबवायला बसतात. आपली जीभही फार वेगळी नाही. गोडाची ओढ पिकलेले फळ ओळखण्यासाठी होती. आज घरातले मूल समोरचा पेरू सोडून चकचकीत वेष्टनातल्या गोळीकडे हात करते. फरक एवढाच, की मुलाला समजावता येते आणि गोळी कपाटात ठेवता येते.

भुंगेऱ्याला कोण समजावणार? नर बाटलीवर दिवस घालवतात तेव्हा माद्या वाट पाहत राहतात, आणि बाहेर वावरण्याचा त्यांचा हंगाम तर थोड्याच दिवसांचा असतो. नजर बदलणे त्याच्या हातात नाही. बाटली उचलणे मात्र माणसाच्या हातात आहे.

आपल्या घरात ती बाटली येत नाही, हे खरे. पण सहलीला, जत्रेला, नदीकाठी गेल्यावर आपण मागे काय काय सोडून येतो? शीतपेयाच्या बाटल्या, चमचमीत वेष्टने, प्लास्टिकचे ग्लास. त्यातले काय कुणाला काय वाटेल, हे आपल्याला ठाऊक नसते. पुढच्या वेळी डब्यांबरोबर एक रिकामी पिशवी घ्या आणि ती भरून आणायचे काम मुलांकडे सोपवा. वाटेत बाभळीवर सोनकिडा दिसला तर त्यांना जरूर दाखवा, ही गोष्टही सांगा. काडेपेटी मात्र घरीच राहू द्या.