पित्ताच्या गोळीआड लपलेला जंतू

शीळफाट्याच्या नाक्यावर औषधाच्या दुकानापाशी घटकाभर उभे राहून बघा. "पित्ताची गोळी द्या हो," म्हणणारे गिऱ्हाईक येतेच. छातीत जळजळ, करपट ढेकर, उपाशीपोटी कळ याला आपण आजार मानतच नाही. चहाला, जागरणाला दोष द्यायचा आणि गोळी चघळायची. अशी वर्षे जातात, आणि आतला जंतू घर करून राहतो.

या जंतूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी तो १९८२ साली शोधला. कोणी मानेना, म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखविली! २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. अल्सरचे हे मोठे कारण. १९९४ पासून कर्करोगास कारणीभूत घटकांत त्याची गणना होते. मात्र तो पोटात असलेल्या बहुतेकांना यातले काहीच होत नाही.

मग कोणाचा जंतू जहाल, हे कसे कळणार? कॅग-ए व व्हॅक-ए ही त्याची जनुके त्यासाठी तपासता येतात. पण वाचकहो, या तपासणीमागे धावण्याआधी एक ध्यानात घ्या. कोलकात्यातील अभ्यासांत अल्सर झालेल्या आणि न झालेल्या, दोघांच्याही जंतूंत ही जहाल जनुके बहुतांशी सापडली. सगळ्या खाचरात एकच वाण असेल, तर वाण तपासून रोप कसे निवडणार? जंतू आढळला की उपचार तोच. जनुक तपासणीचा खरा उपयोग आहे तो कोणते औषध जंतूवर चालणार नाही हे ओळखण्यासाठी, विशेषतः पहिला उपचार फसल्यावर.

तेव्हा अपचन हटत नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "जंतूची तपासणी करायची का?" शौचाच्या नमुन्यावरून किंवा श्वासावरून ती होते, दरवेळी दुर्बीण लागत नाही. पित्त कमी करणाऱ्या काही गोळ्यांमुळे निकाल चुकतो. त्या साधारण दोन आठवडे आधी, डॉक्टरांना विचारूनच थांबवाव्या लागतात. औषधाचा क्रम बहुधा १४ दिवसांचा असतो. चार दिवसांत बरे वाटले म्हणून तो सोडलात, तर उरलेला जंतू औषधाला दाद देईनासा होतो. अंगदुखीच्या गोळ्यांनीही अल्सर होतो, तेव्हा त्या घेत असाल तर लपवू नका. काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडथळा, उगाच घटणारे वजन यांपैकी काही दिसले तर एक दिवसही दवडू नका.

हा जंतू बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात लागतो. अस्वच्छ पाणी आणि हात त्याला वाट करून देतात. म्हणून सरपंच, ग्रामसेवक, नगरसेवक मंडळी, गाव ग्रामपंचायतीत असो वा महापालिकेत, शुद्ध पाणी आणि वापरण्याजोगी शौचालये ही जबाबदारी तुमचीच. पित्ताच्या गोळीने ती टळणार नाही.