अस्सलबरहुकूम नक्कल

जुन्या काळी कचेरीतून एखाद्या खरेदीखताची नक्कल मागविली, तर तिच्या तळाशी 'अस्सलबरहुकूम नक्कल' असा शेरा, नक्कल करणाराची आणि रुजुवात घेणाराची सही व तारीख असे. आणि मूळ कागद कोणत्या दप्तरात आहे हे ठाऊक असल्यामुळेच त्या नकलेला न्यायासनापुढे किंमत येई. इलेक्ट्रिक गिटारच्या निरनिराळ्या पिकअपांचे नाद संगणकीय गणिताने पुन्हा निर्माण करण्याची जी विद्या गेल्या तीन दशकांत वाढीस लागली आहे, तिच्याकडून माझी अपेक्षा नेमकी या शेऱ्याची आहे.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घेऊन सिद्ध केलेले वेटोळे. त्याच्यावरून ताणलेली पोलादी तार कंप पावू लागली की चुंबकीय क्षेत्र हलते, आणि फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या नियमानुसार वेटोळ्यात क्षीण विद्युत्-दाब उत्पन्न होतो. वेढ्यांची संख्या, चुंबकाची जात आणि गिटारपासून अँप्लिफायरपर्यंत जाणाऱ्या केबलची धारिता यांच्या संयोगाने साधारणतः २ ते ५ हजार हर्ट्झच्या दरम्यान कोठे तरी अनुनादाचा एक उंचवटा येतो व त्यापलीकडचे सूक्ष्म ध्वनी झपाट्याने मावळतात. फेंडर कंपनीच्या १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमधील एकेरी वेटोळ्याचा नाद काचेसारखा स्वच्छ वाटतो, पण त्याच्याबरोबर घरातील विजेची घरघरही येते. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी दोन वेटोळी परस्परविरुद्ध दिशेने जोडून ती घरघर मारली, १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, आणि १९५९ मध्ये ते मिळेपर्यंतच्या काळात त्या पिकअपांच्या पाठीवर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची चिठ्ठी चिकटविली जाऊ लागली. ती चिठ्ठी असलेल्या काही गिटारी आज लाखो डॉलरांना विकल्या जातात.

अनुनादाच्या या उंचवट्याची नक्कल करणे आता कठीण राहिलेले नाही. मूळ पिकअपाचे मोजमाप घेऊन तशीच गाळणी गणिताने रचता येते. खरी अडचण पुढे आहे. पिकअप तारेच्या ज्या बिंदूखाली बसविलेला असतो, त्या बिंदूवर तारेच्या कंपनातील जो उपस्वर निश्चल असतो तो त्याला ऐकूच येत नाही. स्ट्रॅटोकास्टरच्या मानेजवळचा पिकअप घोडीपासून तारेच्या लांबीच्या जवळजवळ एकचतुर्थांश अंतरावर येतो, आणि मोकळ्या तारेच्या चौथ्या उपस्वराचा निस्पंद बिंदू नेमका तेथेच असल्यामुळे तो उपस्वर त्या पिकअपाच्या कानी जवळजवळ पडत नाही. वादकाने पडद्यावर बोट ठेवून तार आखूड केली की हा बिंदू सरकतो. म्हणजे वगळला जाणारा उपस्वर प्रत्येक स्वराला निराळा, आणि सहा तारा एकदम छेडल्या तर सहा निरनिराळे हिशेब. एकाच गाळणीने हे साधणे अशक्य आहे हे ओळखून जपानच्या रोलँड कंपनीने १९९५ च्या आपल्या व्हीजी-८ या यंत्रात सहाही तारांचे संकेत वेगवेगळे घेतले. पुढे अमेरिकेतील लाइन ६ कंपनीने व्हॅरिॲक्स गिटारीत प्रत्येक तारेच्या घोडीखालीच पीझो स्फटिक बसविले आणि तेथून मिळालेल्या शुद्ध कंपनावर, पिकअप अमुक ठिकाणी असता तर त्याला काय ऐकू आले असते, याचे गणित केले. या मार्गाबद्दल मला मनःपूर्वक आदर वाटतो. याउलट, सामान्य गिटारच्या एकाच पिकअपातून निघालेल्या मिश्र संकेतावर बटण दाबून त्याचा 'दुसरा पिकअप' करून देणारी जी साधने विकली जातात, त्यांच्याविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे: जो उपस्वर मूळ संकेतात उतरलाच नाही, तो कोणतीही गाळणी मागाहून परत आणू शकत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते. पिकअप केवळ ऐकत नाही, तो तारेला ओढतोही. चुंबक तारेच्या फार जवळ आणला तर तिचे कंपन लवकर थांबते आणि स्वर डळमळू लागतो. वादकाचे बोट हे सारे नकळत जाणते व त्याप्रमाणे आपला दाब बदलते. संगणकातील पिकअप तारेला ओढत नसल्यामुळे तो हा संवाद निर्माण करू शकत नाही. हा त्याचा दोष नव्हे, ही त्याची मर्यादा आहे, आणि मर्यादा जाहिरातीत लिहिता येते.

आपल्याकडे रियाजाच्या खोलीत तंबोऱ्याचे यंत्र आले, तेव्हा मिरजेच्या तंबोऱ्याची जागा त्याने घेतली आहे असा दावा कोणी समंजस गवयाने मान्य केला नाही. पण प्रवासात, भाड्याच्या खोलीत, पहाटेच्या वेळी त्या यंत्राने कितीक विद्यार्थ्यांचा षड्ज सांभाळला. गिटार शिकणाऱ्या मध्यमवर्गीय मुलालाही तसेच साहाय्य मिळावे असे मला मनापासून वाटते. लाखो डॉलरांचा नाद त्याच्या हाती थोडक्या खर्चात येणे ही न्यायाचीच गोष्ट आहे.

म्हणूनच त्याच्या हाती येणाऱ्या नकलेसोबत तपशील हवा. '१९५९ चा नाद' असा एकच नाद अस्तित्वात नाही. त्या काळच्या वेटोळ्यांतील वेढे सर्वत्र सारखे नव्हते, आणि एकाच वर्षाचे दोन पिकअपसुद्धा कानाला निराळे लागतात. तेव्हा मोजमाप कोणत्या एका वाद्यावरून घेतले, त्याच्या वेटोळ्याचा रोध व प्रवर्तकता किती भरली, केबल किती लांब होती, पिकअप तारेपासून किती अंतरावर होता, हे प्रत्येक निर्मात्याने छापावे. आणि वेढे कोणी घेतले तेही. फेंडरच्या कॅलिफोर्नियातील कारखान्यात अबिगेल इबारा या बाईंनी १९५६ पासून अनेक दशके पिकअप गुंडाळले. ज्या नमुन्याचे वेढे त्यांच्या हातचे असल्याची खातरजमा झाली असेल, त्याच्या नोंदीत कंपनीच्या नावाशेजारी त्यांचे नावही असले पाहिजे.