पंधरा तासांचे शिक्षण

ट्रकसारखे वाहतुकीचे वाहन शिकविणाऱ्या ड्रायव्हिंग स्कूलने किमान ३० दिवसांचे प्रशिक्षण द्यावे व त्यात प्रत्यक्ष चालविण्याचे १५ तास भरावेत, असे १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. पंधरा तास मुळातच अपुरे. शिकाऊ उमेदवाराने निदान तेवढ्यांचा तरी हिशेब चोख मागावा. मोकळ्या मैदानावर रिकामा ट्रक फिरविणे म्हणजे शिक्षण नव्हे. भरलेली गाडी घाट उतरते ती खालच्या गियरमध्ये, इंजिनाच्या जोरावर रोखून धरीत. डिझेल वाचविण्याच्या लोभाने न्यूट्रल केले की सारा भार ब्रेकवर पडतो. ते तापतात आणि ऐनवेळी धरीत नाहीत. ही विद्या आजवर क्लीनरने उस्तादाशेजारी बसून, शिव्या खात मिळविली. २०१९ मध्ये परवान्यासाठीची आठवी उत्तीर्णतेची अट उठली. गरीब श्रमिकाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. परंतु त्यामुळे शाळेची जबाबदारी वाढली आहे. आणि कामाचे तास? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ते दिवसाला ८, आठवड्याला ४८ ठरविले होते. माल पोचविण्याची मुदत ठरविताना मालकाने चालकाची झोप हिशेबात धरली आहे काय, हे नोकरी पत्करण्यापूर्वीच विचारून घ्यावे.